न ढवळलेला रविवार

‘गरम गरम खाऊन घे’ हे आपल्या स्वयंपाकघरातलं सगळ्यांत प्रेमळ वाक्य, आणि सगळ्यांत महागही. पोळी ताटात पडेपर्यंत फुगलेली राहावी, भाकरीचा पापुद्रा सुटावा, भजी कुरकुरीत असतानाच संपावीत, यासाठी कोणाला तरी शेगडीपाशी उभं राहावं लागतं. पंगत बसते तेव्हा ती उभी असते. ती बसते तेव्हा पंगत हात धूत असते. तिच्या वाट्याला येते शेवटची, जराशी करपलेली पोळी. गप्पाही तोवर संपलेल्या असतात. या सगळ्याला आपण अगत्य म्हणतो आणि पुढच्या पिढीला शिकवतो.

मी वसईची. पोर्तुगीज इथे १५३४ ते १७३९, म्हणजे दोनशे वर्षं होते. ते गेले, पाव आणि मांसाला व्हिनेगर लावायची रीत मागे राहिली. आमच्या ख्रिस्ती घरांतही ‘गरम गरम’चा हट्ट कमी नव्हता. सणाला फुगे तळायचे म्हणजे एका बाईनं कढईसमोर ठाण मांडायचं. आंबवलेलं सैल पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून त्याचा गोळा वर दाबायचा आणि अलगद तेलात सोडायचा. हात सारखा पाण्यात बुडवायचा, नाहीतर पीठ चिकटतं. पाण्याचा थेंब तेलात पडला की तेल उडतं. बाहेर हसण्याचा आवाज येतो आणि आतून विचारलं जातं, ‘काय झालं? काय म्हणाला तो?’ तोपर्यंत विनोद शिळा झालेला असतो.

सणावाराच्या या सगळ्या पदार्थांत रोस्ट तेवढा करणारीला बसू देणारा. नाव रोस्ट, पण भट्टी वगैरे काही नाही. जाड बुडाचं पातेलं, मांसाचा अख्खा तुकडा, घट्ट झाकण आणि बारीक आंच. इतका सोपा की आमच्याकडे त्याचं कौतुक कधी झालंच नाही. कौतुक व्हायचं ते फुग्यांचं. ज्यात कष्ट दिसतात त्याला दाद मिळते, ज्यात कष्ट वाचतात त्याला मिळत नाही.

रोस्टचा पहिला नियम दुकानातच पाळायचा: महाग तुकडा घ्यायचा नाही. आमच्या भागातल्या मांसवाल्यांकडे ‘अंडरकट’ मागितला की कण्याच्या खालच्या बाजूचा लांबट तुकडा मिळतो. जनावर तो स्नायू फारसा वापरत नाही, म्हणून तो मऊ आणि म्हणून त्याचा भाव जास्त. पण तो तव्यावरचा माल. दोन्ही बाजूंनी परतला की झाला. पातेल्यात तीन तास ठेवलात तर त्याचा भुसा होतो. रोस्टला खांदा हवा. चालून, ओढून, मान खाली घालून चरून कमावलेला स्नायू. तो कापला की आत पांढरे पडदे दिसतात, धाग्यांना धागे बांधून ठेवणारे. खाटीक सवयीनं विचारतो, ‘बोटी करू?’ आणि सत्तूर तोवर उचललेला असतो. त्याला वेळेवर थांबवायला हवं. ‘नको, अख्खा द्या. दीड किलोचा एकच.’ तो अविश्वासानं बघतो. अख्खा तुकडा नेणारी गिऱ्हाइकं कमी झालीत.

आम्ही बीफ म्हणतो ते आता म्हशीचं किंवा रेड्याचं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यानं बंदी होतीच. मार्च २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्या बंदीबाहेर राहिली. तरी लोकलनं येताना ही पिशवी दुहेरी बांधली जाते आणि सीटखाली ठेवावी की मांडीवर घ्यावी, याचा विचार मनात येऊन जातोच. शेजारच्या घरी हे खात नाहीत. त्यांच्याकडून वालाचं बिरडं येतं, आमच्याकडून नाताळचा केक जातो, आणि रोस्टचा विषय दोन्ही बाजूंनी निघत नाही. शेजार टिकवायला काही वेळा एवढं पुरतं.

म्हशीचं मांस रंगानं गडद, त्याची चरबी पांढरीशुभ्र, धागा जाड. त्यात चरबी कमी असते, त्यामुळे ते स्वतःच्या चरबीत शिजेल या भरवशावर राहता येत नाही. त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. आदल्या रात्री मीठ, भरडलेली मिरी, आलं-लसणाचं वाटण आणि व्हिनेगर चोळून ठेवायचं, आणि सुती दोऱ्यानं तुकडा आवळून बांधायचा, म्हणजे शिजताना तो पसरत नाही. सकाळी फडक्यानं वरचं पाणी नीट टिपून घ्यायचं. पातेल्यात तेल चांगलं तापलं की तुकडा ठेवायचा आणि मग हात मागे घ्यायचा. तो बुडाला चिकटतो. उलथनं घालून ओढायचा मोह होतो. ओढायचा नाही. खालची बाजू तांबूस झाली की तो आपण होऊन सुटतो. सगळ्या बाजू अशा करायच्या, दोन्ही टोकंसुद्धा चिमट्यात उभी धरून. मग तुकडा बाजूला काढून त्याच तेलात उभा चिरलेला भरपूर कांदा, दालचिनी, लवंगा, दोन-तीन सुक्या मिरच्या. कपभर पाणी घालून बुडाला लागलेलं सगळं खरवडायचं. रश्श्याचा रंग तिथून येतो. तुकडा परत आत. झाकण खोलगट घ्यायचं, उलटं ठेवायचं आणि त्यात पाणी भरायचं. आतली वाफ त्या गार झाकणाला लागून थेंब होते आणि परत मांसावर पडते. पातेल्यातलं पाणी कमी वाटलं तर झाकणातलंच, आता गरम झालेलं, आत ओतायचं. गार पाणी घालायचं नाही. इथे कृती संपते. शेवटच्या तासात सोललेले अर्धे बटाटे आत टाकायचे, बस्स.

आधी खरपूस भाजायचं ते कशासाठी, यावर एक जुनी समजूत आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ साली मांडलं की वरचा थर भाजला की रस आत कोंडला जातो. अजूनही लोक तसंच सांगतात. पण भाजलेला तुकडाही पातेल्यात चुरचुरत राहतो, आणि ती चुरचुर बाहेर पडणाऱ्या पाण्याचीच असते. रस काही कोंडला जात नाही. भाजायचं ते चवीसाठी. मांसातली प्रथिनं आणि साखर कोरड्या उष्णतेत एकत्र येऊन तो तांबूस रंग आणि वास तयार होतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९१२ साली ही क्रिया मांडली. भाकरीवरचे डाग आणि भाजलेल्या कॉफीचा वास हीसुद्धा तिचीच करणी.

त्यानंतर पातेल्यात जे घडतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि आपली पंचाईत तिथेच होते. मांस साठ अंशांच्या पुढे गेलं की त्याचे धागे आकसतात आणि पाणी टाकतात. म्हणजे पहिल्या तासानंतर सुरी खुपसून पाहणाऱ्याला ते कच्च्याहून निबर लागतं. अनुभव नसलेला माणूस इथे घाबरतो, आंच वाढवतो. आंच वाढवून काही मिळत नाही. उघड्या वाफेत पाणी शंभर अंशांवर जात नाही, वाढते ती फक्त खळखळ. ते पांढरे पडदे कोलॅजनचे असतात. ते सत्तर अंशांच्या पुढेमागे विरघळायला लागतात आणि त्यांचं जिलेटिन होतं, पण ते आपल्या गतीनं, तासातासानं. धागे निबर राहतात, पण त्यांना बांधून ठेवणारं सुटतं आणि त्या जागी जिलेटिनचा ओलावा येतो. म्हणून मांस मऊ लागतं, रस्सा ओठांना चिकटतो आणि उरलेला रस्सा फ्रिजमध्ये थरथरणाऱ्या वडीसारखा गोठतो. अंडरकटमध्ये हे पडदे जवळपास नसतातच, त्यामुळे त्याला वेळ दिला तरी मोबदल्यात काही मिळत नाही. ज्या स्नायूनं राबून घट्टपणा कमावला, त्याच्यातच हा मऊपणा साठलेला असतो.

कोणी म्हणेल, मग कुकर आहे की. आहेच. देनी पापँ या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये १६७९ साली झाकण घट्ट आवळलेलं भांडं दाखवलं, त्यात हाडंसुद्धा मऊ पडत. आजच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जातं आणि तीन तासांचं काम पाऊण तासात होतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी मीही कुकरच लावते आणि त्याबद्दल मला काडीचीही खंत नाही. पण कुकर वेळ वाचवतो तसा माणसाला बांधूनही ठेवतो. शिट्ट्या मोजायला कोणीतरी लागतं. ‘किती झाल्या गं?’ हा प्रश्न बाहेरच्या खोलीतून येतो आणि आत असलेल्या बाईनं उत्तर द्यायचं असतं, ती दुसरं काहीही करत असली तरी. मंद आंचेला वेळ जास्त लागतो, पण लक्ष कमी लागतं. घड्याळातला वेळ आणि बाईचा वेळ हे दोन वेगळे हिशोब आहेत, आणि पाककृतीच्या पुस्तकात फक्त पहिला छापलेला असतो.

हा दुसरा हिशोब जगात काही लोकांनी फार पूर्वी मांडला, तोही धर्माज्ञेच्या रूपानं. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात आज्ञा आहे की शब्बाथाच्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये. शनिवारी विस्तव नाही, पण शनिवारी गरम जेवण तर हवं. पूर्व युरोपातल्या ज्यू बायकांनी त्यावर उपाय काढला. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, घेवडा, जव आणि बटाटे एका भांड्यात भरायचे आणि ते गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर भांडं घरी आणायचं. या पदार्थाला ते चोलंट म्हणतात. विल्ना, म्हणजे आताच्या लिथुआनियातलं विल्नियस, तिथल्या एका बाईनं आपल्या मुलाला लहानपणच्या या भांड्याची गोष्ट सांगितली. मुलगा शिकागोत राहणारा, नवनवी उपकरणं घडवणारा. आयर्विंग नॅक्सन त्याचं नाव. त्यानं भांड्याभोवती विजेची तार गुंडाळून रात्रभर मंद तापणारं उपकरण तयार केलं. १९४० साली त्याला पेटंट मिळालं. पुढे रायव्हल कंपनीनं नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आणलं. अमेरिकेत तेव्हा बायका मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडत होत्या. सकाळी खांद्याचा तुकडा, गाजरं, कांदे आणि बटाटे आत टाकायचे, कामावर जायचं, संध्याकाळी घरी येऊन झाकण उघडायचं. देवानं बाईला दिलेली सुट्टी शेवटी नोकरीसाठी वापरली गेली, हा त्यातला विनोद. पण भांडं तेच.

ही सुट्टी आपल्याकडेही होती. कोकणात अलिबागच्या आसपासचे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजारचे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. एखाद्या जमातीला ती जे काम करते त्यावरून नाव पडणं नेहमीचंच. इथे नाव पडलं ते न केलेल्या कामावरून. मराठी बोलणारी ही माणसं नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेली आणि तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिली.

बेकरीची भट्टी हा तर आमचाही आसरा होता. घरोघर ओव्हन नव्हते तेव्हा नाताळच्या आठवड्यात केकचं मिश्रण डब्यांत घालून बेकरीत नेलं जाई. डिकन्सच्या १८४३च्या नाताळकथेतही लंडनची गरीब माणसं आपली जेवणं भाजायला बेकरकडे नेताना दिसतात. ज्यांच्या घरी भट्टी नाही त्यांनी गावची भट्टी वापरायची, ही सोय किती देशांत, किती धर्मांत सारखी! भेंडीबाजारात नळी-निहारी रात्रभर मंद आंचेवर असते, पहाटे कामावर जाणाऱ्यांसाठी. आणि मांसाचं नावही न काढता हेच पाहायचं असेल तर थंडीत रायगडात पोपटी लावतात ती पाहावी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोणाला हवी असतील तर अंडी. मडकं शेतात पालथं घालायचं, भोवती पेंढा पेटवायचा. मडक्यात कोणी डाव घालत नाही. घालताच येत नाही. म्हणून सगळे शेकोटीभोवती बसलेले असतात, बायकासुद्धा.

आमच्याकडे रविवारी मिस्साला पाळीपाळीनं जातात, अर्धं घर पहाटेच्या, अर्धं नंतरच्या. घरी राहिलेल्यांपैकी कोणीतरी झाकणातल्या पाण्यावर नजर ठेवतं. आजीच्या वेळी चुलीतली लाकडं बाहेर ओढून नुसते निखारे ठेवत. आता गॅसची सगळ्यांत लहान शेगडी, तीही कमीत कमी. त्या नजर ठेवणाऱ्याला स्वयंपाक येण्याची गरज नसते, ही माझ्या मते रोस्टची सर्वांत मोठी पुण्याई. आपल्याकडे ‘हाताची चव’ हा मानाचा शब्द आहे, पण तो सापळाही आहे. एकदा तुझ्या हाताला चव आहे असं ठरलं की तो हात स्वयंपाकघरातून सुटत नाही. फुग्यांना हात लागतो, पुरणपोळीला लागतो. रोस्टला लागत नाही. माझा मुलगा क्रिकेट खेळायला जाण्याआधी तो लावतो. तुकडा टिपतो, भाजतो, कांदा टाकतो, झाकणात पाणी भरतो आणि बॅट घेऊन निघतो. त्याचा रोस्ट माझ्याइतकाच चांगला होतो, कधी अंमळ बराच, कारण त्याला मध्येमध्ये झाकण उघडून बघायची सवय नाही. माझ्या आईला हे पचायला जड गेलं. इतकी वर्षं जे बाईचं कसब समजलं ते मुळात विस्तवाचं आणि वेळेचं काम होतं, हे मान्य करणं सोपं नाही.

रविवारी माणसं ठरल्या वेळी येत नाहीत. पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक असतो, बोरिवलीहून येणारी बहीण विरार लोकलमध्ये उभी असते, भाचीची शिकवणी संपलेली नसते. पोळ्या करायच्या असत्या तर एव्हाना फोनवर फोन गेले असते: कुठपर्यंत आलात, तवा ठेवू का. रोस्टला अर्धा तास इकडेतिकडे चालतो. उतरवल्यावर त्याला वीस मिनिटं तसाच राहू द्यावा लागतो. लगेच कापला तर रस ताटलीत पळतो. त्यामुळे उशिरा आलेला माणूस नेमका वेळेवर आल्यासारखा ठरतो. कोणाला ओशाळं व्हावं लागत नाही. जेवणानं माणसांची वाट पाहावी, माणसांनी जेवणाची घाई करू नये, असा क्रम आमच्या घरात एवढ्या एका दिवशी लागतो.

कापताना मात्र लक्ष द्यायचं. दोरा काढायचा, धागे कोणत्या दिशेला जातात ते बोटानं चाचपायचं आणि सुरी त्यांना आडवी घालायची. उभं कापलं तर तीन तासांचा संयम दाढेखाली वाया जातो. काप पातळ नको, करंगळीएवढे जाड. खालचा रस्सा आटवून वर ओतायचा, बटाटे बाजूला, पाव मध्ये. सगळं एकदम टेबलावर. ‘वाढायला’ असं काही उरत नाही. ज्याला हवं तो घेतो. त्या टेबलाभोवती घरातलं प्रत्येक माणूस बसलेलं असतं, हे पाहुण्याच्या लक्षातही येत नाही, पण आईच्या येतं. ती बसते ती अजून खुर्चीच्या कडेवर. घास तोंडात असताना मिठाच्या वाटीसाठी अर्धवट उठते. मीठ समोरच असतं. मग भाची तिचा हात धरून खाली बसवते आणि म्हणते, ‘आजी, काही करपत नाहीये.’

या खेपेला बोलता बोलता जुना वाद निघाला, रोस्टमध्ये टोमॅटो घालावा की नाही. आईनं ठामपणे नाही म्हटलं, मामांनी हो म्हटलं, आणि वाद थेट त्यांच्या लहानपणीच्या एका नाताळापर्यंत गेला. आईनं त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत भाग घेतला. तिचा मुद्दा कोणाला खिडकीतून ऐकून घ्यावा लागला नाही, तिलाही कोणाचा विचारून घ्यावा लागला नाही. ती जिंकली, असं तिचं म्हणणं आहे.

दीड किलोतलं थोडं उरतंच, उरावंच. सोमवारी सकाळी त्याच्या पट्ट्या कापून कांदा आणि हिरवी मिरची यांच्यावर परतल्या, पावात भरल्या की डबे तयार. रोस्टनं रविवारी दिलेली सुट्टी अशी सोमवारच्या सकाळपर्यंत पुरते. डबे कोणी भरायचे, ते आमच्याकडे अजून ठरायचं आहे. परतायला पाच मिनिटं लागतात आणि उभं राहून परतावं लागतं, त्यामुळे सध्या घरात कोणी आपण होऊन हात वर केलेला नाही. आईनं केला होता. तिचं नाव आम्ही मतदानाआधीच बाद केलं.